डुकराच्या एम्ब्रियोसाठी टेबलावरचा छोटा इनक्युबेटर : नागपूरची थंडी आणि मे महिना दोन्ही काढल्यावर

आठ महिने झाले वापरून, म्हणून आता लिहितेय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी दोन स्टार दिले असते, मार्चमध्ये पाचपैकी पाच, आणि मे महिन्यात तर काही लिहायच्या मनःस्थितीतच नव्हते. आता पाऊस लागलाय, खोली थंड आहे, मशीन नीट चाललंय, तर सगळं सविस्तर सांगते. माझे चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

कंपनीचं नाव टाकत नाहीये. काही अडचणी मशीनच्या होत्या, काही बसवणाऱ्यांच्या, काही आमच्या स्वतःच्या, उगाच कुणाचं नाव खराब व्हायला नको. तसंही या प्रकारची मशीन बऱ्याच कंपन्या बनवतात आणि आतली रचना थोड्याफार फरकाने तीच असते, त्यामुळे तुम्ही कुठलंही घ्या, हे कामी येईल.

मशीन कसं आहे, तर बुटांची दोन खोकी शेजारी ठेवावीत एवढं. दोन कप्पे, वरून झाकण उघडतं, हीटर खाली पण आणि झाकणात पण, म्हणजे डिशला दोन्हीकडून थेट ऊब मिळते. एका कप्प्यात हवा जेमतेम अर्धा लिटर. गॅस तीन धरले जातात पण सिलिंडर दोनच लागतात, एक कार्बन डायऑक्साइडचा आणि एक नायट्रोजनचा, ऑक्सिजनचा वेगळा लागत नाही, नायट्रोजन आत सोडून हवेतला ऑक्सिजन ५ टक्क्यांवर खाली आणतात. गॅस आधी पाण्याच्या छोट्या बाटलीतून जातो, तिथे ओलावा घेतो, मग फिल्टरमधून कप्प्यात. बस एवढंच. दिसायला काहीच नाही आणि किंमत जीएसटी धरून सात लाखांच्या थोडी आत, त्यामुळे खरेदीच्या वेळी आमच्या लॅबच्या मॅडमना समितीपुढे बरंच बोलावं लागलं. लॅबमध्ये एक मोठा इनक्युबेटर आधीच आहे मग हा दुसरा कशाला, हा पहिलाच प्रश्न होता.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच हा रिव्ह्यू आहे असं समजा.

आमचं काम डुकराच्या एम्ब्रियोवर, म्हणजे अगदी सुरुवातीच्या गर्भावर. लोक विचारतात डुकराचेच का, गाई-म्हशींचं करा नं, आपल्याकडे त्याला किंमत आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला माणसाच्या छातीत डुकराचं हृदय बसवलं, त्या डुकरात दहा जनुकीय बदल होते. २०२५ मध्ये तिथल्या अन्न-औषध नियामक एफडीएने पीआरआरएस नावाच्या व्हायरसला दाद न देणाऱ्या, सीडी१६३ जनुकात बदल केलेल्या डुकरांना मंजुरी दिली. आणि आपल्याकडे २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर पहिल्यांदा आला, त्यात गरिबांची जनावरं डोळ्यांदेखत गेली. २०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरं ९० लाखांवर आली होती, आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्के कमी, आणि ती तर या रोगाच्या आधीची मोजणी. जनुक बदलायचं असो, चांगल्या जातीचा वंश टिकवायचा असो, की नुसतं समजून घ्यायचं असो, शेवटी सगळं येऊन थांबतं एका डिशमध्ये, की तिथला एम्ब्रियो सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी असलेला पुढच्या टप्प्याचा गर्भ, होतो की नाही. आणि डुकराचा एम्ब्रियो डिशमध्ये फार नाराज असतो. गाईचा त्या मानाने समजूतदार.

नाराज का, तर एक म्हणजे चरबी. डुकराच्या ऊसाइटमध्ये, म्हणजे स्त्रीबीजात, चरबीचे इतके थेंब असतात की मायक्रोस्कोपखाली ती काळीकुट्ट दिसते, आतलं काही दिसत नाही. चरबी म्हटलं की ऑक्सिजनने खराब होणं आलंच, घरी जुनं तेल खवट होतं तोच प्रकार. आईच्या पोटात बीजनलिकेत ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा बराच कमी असतो, आणि आपण मोठ्या इनक्युबेटरमध्ये त्याला हवेइतका, म्हणजे १९-२० टक्के ऑक्सिजन देत बसतो. दुसरं म्हणजे चार पेशींची पायरी. एम्ब्रियोचा स्वतःचा जीनोम डुकरात चार पेशींना जागा होतो, तोवर आईने ऊसाइटमध्ये भरून दिलेल्या शिदोरीवर चालतं, आणि या टप्प्यावर जरा काही बिनसलं की बिचारा तिथेच थांबतो. दोनाचे चार झालेले दिसतात, आपण खूश, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहावं तर तेच चार.

आता जुनं मशीन. चांगलं आहे, दीडशे लिटरचं, दोन काचेची दारं, सेल कल्चरसाठी उत्तम. पण ते पाच जणांचं. एकीचे फायब्रोब्लास्ट, एकाचे व्हेरो सेल, दिवसातून दहा वेळा दार उघडणार, आणि प्रत्येक वेळी सगळा गॅस बाहेर, काचेवर धुकं, आणि कार्बन डायऑक्साइड परत ५ टक्क्यांवर यायला वाट बघा. कुणाची चूक नाही, ज्याला आपलं फ्लास्क बघायचं तो बघणारच. पण एम्ब्रियो डिशमध्ये तेलाखाली मीडियमच्या, म्हणजे पोषक द्रवाच्या, पन्नास मायक्रोलिटरच्या थेंबात असतो, आणि त्या थेंबाचा पीएच बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइडच्या तोलावर उभा असतो, गॅस गेला की मीडियम अल्कलीकडे सरकतो, वर तेल असल्यामुळे ते हळूहळू होतं एवढाच दिलासा. छोट्या मशीनमध्ये झाकण उघडून डिश काढून परत बंद केलं की आमच्याकडे पाच मिनिटांच्या आत सगळं जागेवर येतं, आणि शेजारच्या कप्प्याला तर कळतसुद्धा नाही. पैसे कशाचे मोजले असं विचाराल तर मी म्हणेन या पाच मिनिटांचे.

मशीन आलं नोव्हेंबरात. बसवायला जो इंजिनिअर आला तो मुलगा कामाला फार चांगला, नीटनेटका, हात स्वच्छ धुवून बसला, पण त्याची सगळी गिऱ्हाइकं धंतोली-रामदासपेठेतली टेस्ट ट्यूब बेबी सेंटरं. त्याने सवयीने तापमान ३७ वर लावलं, ३७ वरच कॅलिब्रेट केलं, रिपोर्टवर सही घेतली आणि गेला. आम्ही पण सही केली. मग आम्ही बटणं दाबून ३८.५ केलं, स्क्रीनवर ३८.५ आलं, आणि मशीनने बोंबलायला सुरुवात केली कारण ओव्हर टेम्परेचरचा अलार्म ३८ ला लावलेला होता. अलार्मची मर्यादा वाढवली. मशीन शांत झालं आणि आम्हाला वाटलं झालं काम.

डुकराच्या अंगाचं तापमान माणसापेक्षा जास्त असतं, ३९ च्या आसपास, म्हणून डुकराचं कल्चर जगभर ३८.५ किंवा ३९ ला करतात. माणसाच्या मशीनवर माणसाचं ३७ असणार हे उघड आहे, तरी ते आपल्या डोक्यात येत नाही.

पहिल्या दोन बॅच वाईट गेल्या. जुन्या मशीनपेक्षाही वाईट. मॅडम काही बोलल्या नाहीत पण माझी झोप उडाली, एवढे पैसे मागून घेतलेले. मग शेजारच्या विभागातून बारीक वायरचा थर्मामीटर आणला, एका डिशमध्ये मीडियमचा थेंब, वर तेल, आणि त्या थेंबात वायरचं टोक बुडवून झाकण लावलं आणि तासभर बसून राहिले. स्क्रीनवर ३८.५. थेंबात ३७.६. जवळजवळ एक डिग्रीचा फरक. मशीन ३७ ला खरं बोलत होतं, वर गेल्यावर नाही. आणि कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात समोरच्यापेक्षा आणखी दोन दशांश कमी. इंजिनिअरला फोन केला, तो म्हणाला मॅडम माझ्याकडे कधीच कुणी ३८.५ वर मागितलं नाही, पण तो चौथ्या दिवशी आला आणि परत ३८.५ वर कॅलिब्रेट करून गेला, आमच्या वायरीच्या शेजारी स्वतःची वायर लावून. त्याबद्दल सर्व्हिसला पूर्ण मार्क.

तर खरेदी करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, सही करण्याआधी थेंबातलं तापमान मोजा. स्क्रीनवरचा आकडा हा मशीनला स्वतःबद्दल जे वाटतं तो असतो. एम्ब्रियो थेंबात असतो.

गॅसचंही तेच. आम्ही बाहेरून गॅस अ‍ॅनलायझर मागवून तपासला, ठीक निघाला, पण खरं तपासायचं ते मीडियमचा पीएच. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून तेच ५ टक्के इथे मुंबईपेक्षा किंचित कमी कार्बन डायऑक्साइड देतात. फरक छोटा आहे, पण पुस्तकातला आकडा लावून मोकळं होऊ नये यासाठी पुरेसा. आम्ही रात्रभर ठेवलेल्या डिशचा पीएच बघून मग टक्के ठरवले. आणि रात्रभर म्हणजे रात्रभर, तेलाखालचा थेंब तासाभरात तयार होत नाही, कमीत कमी चार तास तरी द्या, घाईत ताज्या डिशमध्ये एम्ब्रियो टाकणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरच जेवायला वाढणं.

कॅलिब्रेशननंतर मग खरी तुलना सुरू केली. इथे जरा सविस्तर सांगते, कारण "आमचे रिझल्ट सुधारले" असं सगळेच म्हणतात.

ओव्हरी येतात पहाटे. जिथे डुकरं कापतात तिथे पाचला पोचावं लागतं, भाऊ ओळखीचे झालेत, आधी म्हणायचे "काहून बाप्पा ताई, इतक्या अंधारात येता", आता स्वतःच वेगळ्या काढून ठेवतात. डुकराची ओव्हरी दिसते तुतीच्या फळासारखी, छोट्या छोट्या पाण्याच्या फोडांचा घोस. थर्मासमध्ये सलाइन, त्यात अँटिबायोटिक, तापमान ३५-३७. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हे सांभाळणं सोपं नाही, चरबीमुळे डुकराची ऊसाइट थंडीला फार नाजूक, एकदा गार पडली की परत गरम करून उपयोग नाही. आमचे लॅबवाले काका थर्मास आधी गरम पाण्याने खंगाळून घेतात, मग सलाइन भरतात, वर टॉवेल गुंडाळतात, आणि गाडीवर मला मागे बसवून तो मांडीवर धरायला लावतात. मग तीन ते सहा मिलिमीटरचे फॉलिकल, म्हणजे तेच फोड, बघून १८ नंबरच्या सुईने ओढायचे, ज्या ऊसाइटभोवती क्युम्युलस पेशींचे तीन-चार थर घट्ट आहेत तेवढ्याच घ्यायच्या, आणि ४२ ते ४४ तास मॅच्युरेशन, म्हणजे ऊसाइट पिकू द्यायची, पहिले २२ तास हार्मोनसकट, पुढचे हार्मोनशिवाय.

तुलनेसाठी आम्ही फर्टिलायझेशन न करता पार्थेनो केले, म्हणजे शुक्राणू न वापरता ऊसाइटला आयोनोमायसिन आणि ६-डीएमएपी या रसायनांनी चालना द्यायची. कारण डुकरात एकाच ऊसाइटमध्ये अनेक शुक्राणू घुसण्याची मोठी डोकेदुखी आहे, आणि वराहाचं वीर्य रोज वेगळं, मग फरक मशीनचा की वीर्याचा हे कळणार कसं. एकाच दिवसाच्या, एकाच थर्मासमधल्या ऊसाइट, अर्ध्या जुन्या मशीनमध्ये, अर्ध्या नव्यात, मीडियम तोच, तेल तेच, हात माझेच.

मीडियम पीझेडएम-३, जे २००२ मध्ये जपानच्या योशिओका आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या बीजनलिकेतल्या द्रवाच्या रचनेवरून बनवलं. त्याच्या आधी एनसीएसयू-२३ हे मीडियम चालायचं, त्यात ग्लुकोज होतं, पीझेडएम-३ मध्ये ग्लुकोजच नाही, पायरुवेट आणि लॅक्टेटवर भागवतात. आम्ही पावडरी तोलून घरीच बनवतो, कॅल्शियम लॅक्टेट अगदी शेवटी टाकतो, ग्लुटामाइन दर वेळी ताजं, कारण ते उबेत पडून राहिलं की त्यातून अमोनिया तयार होतो. पाचव्या दिवशी थोडं सिरम घालतो.

एका बॅचचे आकडे देते, ते आमच्या वहीतले आहेत, यावरून जगाचा नियम काढू नका. दोन्हीकडे ६४-६४. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे जवळजवळ सारखंच विभाजन, जुन्यात ४९, नव्यात ५१, काही विशेष नाही. फरक दिसला तो सहाव्या दिवशी, जुन्यात ७ ब्लास्टोसिस्ट, नव्यात १५. म्हणजे कमी ऑक्सिजनचा आणि स्थिर हवेचा फायदा सुरुवातीला दिसतच नाही, चार पेशींचा घाट ओलांडल्यावर दिसतो. पुढच्या बॅचमध्ये कधी फरक कमी, एकदा तर जवळपास सारखे, पण उलटा एकदाही नाही गेला. नव्यातले ब्लास्टोसिस्ट होएश्ट नावाच्या रंगाने रंगवून पेशी मोजल्या तर त्या पण जास्त निघाल्या, चाळीसच्या आसपास, जुन्यात तीसच्या आत. पोटातल्या ब्लास्टोसिस्टमध्ये शंभराच्या वर असतात, तेव्हा अजून खूप चालायचंय.

जानेवारीतली एक सकाळ सांगते. सातवा दिवस होता, डिश काढली, स्टेजवर ठेवली, फोकस केला, आणि एका थेंबात एक ब्लास्टोसिस्ट आपल्या झोनामधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, अर्धा बाहेर आलेला, आठ आकड्यासारखा, एक गोळा आत एक बाहेर, मधे चिमटलेला. काळा चरबीचा रंग जाऊन पातळ, चकचकीत, पेशी एकेक मोजता येतील असा. जुन्या मशीनमध्ये मला दोन वर्षांत हे कवचातून बाहेर येणं, हॅचिंग, इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. काकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "हे तं बाहेर यायले पाहून रायलं."

डुकरात हे का इतकं महत्त्वाचं, तर डुकरिणीच्या गर्भाशयात बाराव्या दिवसाच्या सुमाराला निदान चार तरी गर्भ हवेत, नाहीतर तिच्या शरीराला गाभण असल्याचं कळतच नाही आणि ती परत माजावर येते. गाईला एक चांगला एम्ब्रियो पुरतो. क्लोनिंग करणारे डुकरिणीत एका वेळी शंभर-शंभर एम्ब्रियो सोडतात ते हौस म्हणून नाही, त्यातले किती पुढे जातील याचा भरवसा नसतो म्हणून. डिशमधलं कल्चर दुपटीने सुधारलं की तेवढी जनावरं, तेवढी ऑपरेशनं कमी लागतात. मिसुरी विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ मध्ये मॅच्युरेशनच्या मीडियममध्ये एफजीएफ२, एलआयएफ आणि आयजीएफ१ ही तीन प्रथिनं घालून जनुक बदललेली पिल्लं मिळवण्याची कार्यक्षमता चौपट केली होती. तेव्हा नुसतं मशीन घेऊन बसू नका, मॅच्युरेशनकडे पण बघा, कच्ची ऊसाइट कितीही चांगल्या मशीनमध्ये ठेवली तरी ती कच्चीच.

आता तक्रारी.

थंडीतली पहिली. ओलावा घेतलेला गॅस नळीतून येतो, जानेवारीत खोली थंड, नळी थंड, नळीतच पाणी जमायचं. एक दिवस थेंब जाऊन फिल्टरमध्ये बसला आणि गॅसचा प्रवाह अडला, रात्री दोनला अलार्म. नळीवर फोम गुंडाळला, बाटली कप्प्याच्या पातळीखाली ठेवली, त्रास गेला. हे कंपनीने आधीच करून द्यायला हवं होतं, दहा रुपयांचा फोम आहे.

उलट काही जण म्हणतात ओलाव्याची बाटली नकोच, कोरडं चालवा, तेल आहेच की वर. नागपुरात करू नका. आम्ही आठवडाभर कोरडं चालवून ऑस्मोमीटरवर थेंब तपासले, सहाव्या दिवशी ऑस्मोलॅरिटी, म्हणजे द्रवात विरघळलेल्या क्षारांची दाटी, इतकी चढलेली की पीझेडएम-३ ची मूळ २८८ कुठल्या कुठे. तेलातूनही पाणी उडतं. आणि थेंब टाकताना तर त्याहून जास्त, गरम स्टेजवर, वर हूडचा, म्हणजे स्वच्छ हवेच्या कपाटाचा, वारा चालू, आपण एकेक थेंब ठेवत बसतो आणि पहिला थेंब शेवटच्या थेंबाआधी आटायला लागतो. आता आम्ही तेवढा वेळ वारा बंद करतो, स्टेज गार ठेवतो, पाच थेंब टाकले की लगेच तेल, मग पुढचे पाच. फुकटचा उपाय आहे आणि मशीनइतकाच गुण देतो.

तेलावरून, एकदा एका विक्रेत्याकडून स्वस्तात आणलेल्या बाटलीने दोन बॅच गेल्या, दोन्ही मशीनमध्ये सारख्याच, म्हणून कळलं की दोष तेलाचा. तेल उन्हात, गरमीत पडून राहिलं की त्यात पेरॉक्साइड बनतात आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. एम्ब्रियोवर टेस्ट केलेलंच तेल घ्या, अंधारात ठेवा, नवी बाटली आली की आधी दहा-वीस पार्थेनोवर बघा.

आणि मग मे. हा तो कापलेला स्टार.

या मशीनला गरम करता येतं, थंड करता येत नाही. आपण ३८.५ ला चालवतो, म्हणजे बाहेरची खोली त्याच्यापेक्षा बऱ्यापैकी थंड पाहिजे, नाहीतर मशीनची स्वतःची उष्णता जाणार कुठे. मे महिन्यात नागपूर ४५ ला गेलेलं, दुपारी अडीचला लाइट गेली. यूपीएस होता, मशीन चालूच राहिलं, म्हणून आम्ही निर्धास्त. पण एसी यूपीएसवर नव्हता. तासाभरात खोली ३७ वर आणि स्क्रीनवर आकडा चढायला लागला, ३८.८, ३९.१, ३९.५. हीटर बंदच होता, तरी चढत होता. आतमध्ये चौथ्या दिवसाचे एम्ब्रियो, त्या वेळचे सगळे. कूलर यूपीएसवर लावता येईना, काकांनी ओली चादर खिडकीला लावली, मी टेबलाखाली बर्फाची घमेली ठेवली, झाकण उघडायची सोय नाही कारण उघडलं की गॅस जाणार. साडेपाचला लाइट आली तेव्हा माझ्या वायरीच्या थर्मामीटरवर ४०.२ होतं. त्या बॅचमधून तीन ब्लास्टोसिस्ट आले, तिन्ही काळवंडलेले, मोजायलाही घेतले नाहीत. दोन दिवसांनी मॅन्युअल परत वाचलं, एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, खोलीचं तापमान ३० च्या आत असावं. म्हणजे कंपनीने लिहिलंय. पण नागपुरात मशीन विकताना ही गोष्ट तोंडाने सांगायला पाहिजे होती, डेमोच्या दिवशी, ठळकपणे.

आता मशीन आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत हलवलंय आणि तिथला एसी जनरेटरच्या लाइनवर घेतलाय. नायट्रोजनचा एक जादा सिलिंडर भरून ठेवतो, कारण ५ टक्के ऑक्सिजनसाठी नायट्रोजन अंदाजापेक्षा फार लवकर संपतो, आणि हिंगण्याहून गाडी सणासुदीला वेळेवर येत नाही. नायट्रोजन संपलेलं मशीन साध्या इनक्युबेटरसारखंच, आणि ते ओरडून सांगेलच असं नाही, आमच्या मशीनचा ऑक्सिजनचा अलार्म वीस मिनिटं उशिरा वाजतो.

कुणी घ्यावं विचाराल तर, लॅबमध्ये मोठा इनक्युबेटर सगळ्यांचा असेल आणि डुकराचं, म्हशीचं, कुठलंही एम्ब्रियोचं काम नेटाने करायचं असेल तर घ्या, उशीर करू नका. पैसे कमीच असतील तर एक कप्प्याचं घ्या पण ऑक्सिजन कमी करणारं घ्या. आणि तेही जमत नसेल तर सीलबंद डबा, त्यात तयार मिश्रणाचा गॅस भरून, जुन्या इनक्युबेटरमध्ये ठेवून पण कमी ऑक्सिजनचं काम होतं, आम्ही मशीन यायच्या आधी तसं करून बघितलं होतं, गॅस भरायचा व्याप खूप पण फरक दिसला होता, आणि त्याच वहीच्या जोरावर मॅडमनी समितीकडून पैसे मंजूर करून घेतले.

मागच्या आठवड्यात सर्व्हिसला तोच इंजिनिअर आला. बॅग उघडली, वायर काढली, मला काही विचारलं नाही, सरळ डिशमध्ये थेंब टाका म्हणाला. मोजलं, ३८.५. जाताना कप्प्याच्या झाकणावर मार्करने लिहिलेलं स्टिकर लावून गेला, "डुक्कर – ३८.५, ३७ करू नये".